न सांगितलेला पासवर्ड

"हेड ऑफिसातून बोलतोय, पासवर्ड सांगा," असा दमदाटीचा फोन आला आणि विमा कंपनीच्या शाखेतल्या अकरा जणांनी आपापला पासवर्ड निमूट सांगून टाकला. ग्राहकांची माहिती चोरीला गेली. चोराला दाद दिली नाही ती एकट्या साबणेबाईंनी.

सत्काराच्या दिवशी साहेबांनी त्यांना शाल पांघरवली. "बाई, एवढ्या दमदाटीला तुम्ही बधला नाहीत. कसं जमलं?"

बाई लाजल्या. "माझा पासवर्ड म्हणजे ह्यांचं नाव. परक्या माणसापुढे ते उखाण्याशिवाय कसं घेऊ?"

"मग उखाण्यातच होऊन जाऊ दे!" सगळं सभागृह ओरडलं.

बाईंनी पदर सावरला, माइक धरला. "साहेबांनी दिली शाल, कंपनीने दिला मान, दिगंबररावांचं नाव घेते, ऐका देऊन कान!"

संध्याकाळी तो व्हिडिओ कंपनीच्या वेबसाइटवर झळकला. मथळा होता, 'माहिती अशी जपावी'.