जखमेला चांगलं

माल लवकर निघावा म्हणून मॅनेजरसाहेबांनी प्रेस मशिनचा सेफ्टी सेन्सर बंद करायला लावला, आणि त्याच मशिनमध्ये ऑपरेटर नागसेनच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. भोसरीतल्या दवाखान्यात त्याला भेटायला साहेब सुपरवायझरला घेऊन आले.

"मी म्हणत होतो सर, सफरचंदं घेऊ," सुपरवायझर पुटपुटला.

"अरे, सफरचंदाचं नुसतं नाव मोठं! संत्र्यात व्हिटॅमिन सी त्याच्या कितीतरी पट. जखम पटकन भरते." साहेबांनी पिशवीतलं एक संत्रं काढून नागसेनच्या डाव्या हातात ठेवलं. "रोज दोन खायची, काय?"



नागसेन संत्र्याकडे बघत म्हणाला, "सफरचंद एका हातानं खाता येतं, साहेब."