वाक्यात उपयोग करा

"फीबल म्हणजे अशक्त. आता वाक्यात उपयोग करा," इंग्रजीच्या क्लासमधल्या बाई मला म्हणाल्या.

"माय मदर-इन-लॉ इज फीबल," मी ठोकून दिलं. घरी त्याच रोज म्हणतात, 'अंगात त्राण नाही गं.'

शेजारीच बसलेल्या माझ्या सासूबाई ताडकन उठल्या. त्यांनी पदर खोचला, बाकावर कोपर टेकवलं आणि म्हणाल्या, "ये, लढव पंजा!"

सगळा क्लास भोवती गोळा झाला. बायका बाकं बडवत ओरडायला लागल्या. मी दातओठ खाऊन जोर लावला, पण सासूबाईंनी माझा हात धाडकन आडवा केला. बाईंनीसुद्धा शिट्टी मारली.

मी हात चोळत म्हणाले, "मग उद्यापासून कणीक तुम्हीच मळा, आई!"

सासूबाईंनी पटकन स्वतःचं मनगट धरलं, मटकन खाली बसल्या आणि कण्हत म्हणाल्या, "आय अ‍ॅम व्हेरी फीबल."