कणसाची पानं

फिलूला माती देऊन महिनाही झाला नव्हता आणि तिचा नवरा सकाळपासून गॅसवर मिरच्या भाजत बसला होता. रेमतबायला लेकाचं हे वागणं अजिबात रुचलं नाही. तो ज्या शिपवर खानसामा होता, तिथल्या मेक्सिकन कुकनं शिकवलेले तमाले करायचे होते म्हणे, मक्याच्या पिठात डुकराचं मटण भरून.

फिलू दर सुट्टीत मागायची. हा म्हणायचा, पुढच्या खेपेला. तिनं बिचारीनं ते गुंडाळायला कणसाची पानं वाळवून डब्यात जपली होती.

तीच भिजवून त्यानं पुरचुंड्या बांधल्या. पण इतकी वर्षं पडून राहिलेली पानं वाफेवर फाटली आणि सगळं टोपाच्या पाण्यात उतरलं. त्यातलंच थोडं बशीत घेऊन तो फिलूच्या फोटोकडे निघाला.

रेमतबाय आडवी आली. "फोटोला काय वाढतोस? मागत होती तेव्हा परक्यांची ताटं भरत होतास. आता बस, नि तूच खा."