उजवा सुभेदार, डावा दिवाण

"नाव पुकारलं का हो?" रुख्मिणीबाईनं तिसऱ्यांदा विचारलं.

"न्हाई अजून. गप बस की जरा," हरिचंद म्हणाला आणि सुभेदार बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

हिंगोलीच्या कृषी प्रदर्शनाचा आज मोठा दिवस. जिल्ह्याला स्थानिक सुट्टी होती. शाळा बंद, कचेऱ्या बंद, आणि सगळी माणसं या मैदानात. कुरुंद्याची हळद बघायला गर्दी, नव्या ट्रॅक्टरवर बसून फोटो काढायला गर्दी, आणि सगळ्यात जास्त गर्दी बैलांच्या रिंगणाभोवती. गोरेगावजवळच्या त्यांच्या तांड्यातून तर झाडून सारे आले होते.

रुख्मिणीबाईचे कान मात्र भोंग्याकडे लागले होते. आज काय होणार, हे एवढ्या गर्दीत फक्त दोघींना ठाऊक होतं. एक ती, दुसरी तिची धाकटी जाऊ मिना.

तीन वर्षांपूर्वी हरिचंद आणि प्रेमदास या सख्ख्या भावांची वाटणी झाली. वावर निम्मं झालं, अंगणात काटेरी कुंपण आलं, आणि बैलजोडीही फुटली. उजव्या बाजूला चालणारा सुभेदार थोरल्याकडे, डाव्या बाजूचा दिवाण धाकट्याकडे. तेव्हापासून भाऊ भावाच्या दारात गेला नव्हता.

सुरुवात तशी रुख्मिणीबाईच्या वाळवणापासून झाली होती. मिनाच्या शेळीनं सांडगे तुडवले. रुख्मिणीबाई बोलली. मिना दोन शब्द जास्तच बोलली. पण ते नुसतं निमित्त, असं रुख्मिणीबाई ज्याला त्याला सांगे. "बायामाणसांचं काय, आज भांडतील अन् उद्या बोलतील. अढी असती ती गड्यांच्या मनात!"

तो उद्या काही तीन वर्षांत उजाडला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

मग महिन्यापूर्वी हरिचंद सेनगावला खत आणायला गेला आणि रिकाम्या हातानं परतला. खिशातून प्रदर्शनाचा एक कोरा फॉर्म काढून त्यानं देवापाशी ठेवला आणि मोठा सुस्कारा टाकला.

"एकट्या बैलाला कोण इचारतंय? मान असतो तो जोडीला. आपले दोघं संगं उभे राहिले असते, तर पहिला नंबर कुठं जात न्हवता."

"मंग बोला की भावजींशी."

"मी? काहून म्हणून बोलू? मरून जाईन, पण त्याच्या दारात जाणार न्हाई."

दोन दिवस त्या कोऱ्या कागदानं तिला जेवण गोड लागू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी हरिचंद सुभेदाराला घेऊन ओढ्याकडे गेला. हल्ली तो रोजच जायचा आणि ऊन चढल्यावर यायचा. ती कुंपणापाशी जाऊन उभी राहिली.

"मिने! ए मिने!"

मिना पदराला हात पुसत आली. आता ही तोंड फिरवणार, असं रुख्मिणीबाईला वाटलं. पण मिनाचे डोळेच भरून आले.

"अक्का, किती दिसांनी हाक मारली वं."

झालं! दोघी कुंपणाच्या दोन अंगांना बसून आधी पोटभर रडल्या, मग हसल्या, मग कामाला लागल्या. जोडीचा फॉर्म भरला. नवऱ्यांच्या सह्या त्यांनीच ठोकून दिल्या. रुख्मिणीबाईनं जीपनं सेनगावला जाऊन कागद कृषी कचेरीत दिला. साहेबांनी कागद पाहिला, तिच्याकडे पाहिलं, गालात हसले आणि ठेवून घेतला. घरी गड्यांना सांगितलं, एकट्या बैलाचा फॉर्म दिला म्हणून.

त्यानंतर कुंपणातली फट रोज थोडी रुंद होत गेली. इकडून कढी जाई, तिकडून भाकरी येई. गड्यांना पत्ता लागू द्यायचा नाही, एवढंच.

आणि आता भोंगा वाजला. "हरिचंद आडे आणि प्रेमदास आडे यांची बैलजोडी!"

हरिचंदनं डोळे वटारून बायकोकडे पाहिलं. "जोडी? हा उद्योग कुणाचा?"

"आता लोकांत तमाशा नका करू. जावा," ती कशीबशी म्हणाली.

तो गेला. पलीकडून प्रेमदास दिवाणाला घेऊन आला, त्याचंही तोंड फुगलेलं. दोन्ही बैलांची शिंगं सारख्याच हिरव्या रंगात रंगवलेली. दुकान एकच असेल, असं रुख्मिणीबाईला वाटलं. दिवाण सरळ चालत आला आणि सुभेदाराच्या डाव्या अंगाला जाऊन उभा राहिला. मग दोघं निघाले ते पावलाला पाऊल लावून, कालपर्यंत एका जुवाखाली असल्यासारखे. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

पहिला नंबर! दोघा भावांना फेटे बांधले. एकच ढाल दोघांनी धरली, आणि हरिचंदनं भर रिंगणात धाकट्याच्या गळ्यात हात टाकला. रुख्मिणीबाईला रडू आवरेना. मिनानं तिला मिठीच मारली.

"बघितलंस?" रुख्मिणीबाई डोळे पुसत म्हणाली. "आपण दोघी नसतो, तर हे जन्मभर रुसून बसले असते. अक्कल म्हणून न्हाई गड्यांना!"

पेढ्यांचा पुडा घेऊन ती नोंदणीच्या टेबलापाशी गेली. तेच सेनगावचे साहेब बसले होते.

"साहेब, लई उपकार झाले. तुमी आमचं गुपित राखलं."

साहेबांनी फायलीतून तिचा कागद काढून तिच्या हातात ठेवला. "हा घेऊन जा, ताई. हा लागलाच नाही."

"मंग नाव कसं पुकारलं?"

"त्यांचा फॉर्म तुमच्या आधीच आला होता. दोघं भाऊ एकाच मोटारसायकलवर आले होते. रोज सकाळी ओढ्यावर जोडी जुंपून सराव करतो, म्हणाले." साहेबांनी पेढा तोंडात टाकला. "फक्त जाताना एक विनंती करून गेले. आमच्या बायका एकमेकींशी बोलायला लागेपर्यंत हे घरी कळू देऊ नका."