दुसरा कप

फोन बराच वेळ वाजत राहिला. एरवी बाबा पहिल्याच घंटीला उचलायचे. सैन्यात वायरलेसवर होते, ती सवय अजून गेली नव्हती.

"वर्तमानपत्राच्या पडताळणी विभागातून बोलतेय," तिने सुरुवात केली. "तुम्ही आमच्या बातमीदाराला जे सांगितलंत ते वाचून दाखवते. प्रत्येक वाक्याला बरोबर की चूक, एवढंच सांगा."

"वाचा, बाई," बाबा म्हणाले.

तिला हसू आलं. जन्मात त्यांनी तिला 'चिमणे'खेरीज दुसरी हाक मारली नव्हती. पण सकाळी चहा घेताना हेच तर ठरलं होतं. ज्याचं म्हणणं, त्याला छापायच्या आधी वाचून दाखवायचं, हा पेपरचा नियम, आणि बाबांनी बजावलं होतं, "तुझा बाप म्हणून वशिला नको. परक्यासारखा फोन कर. मीही बघ कसा तोरा दाखवतो."

बाबांचे सैन्यातले साहेब आता मंत्री होते आणि निवडणुकीला उभे होते. त्यांच्या प्रचारपुस्तिकेत होतं की लढाईत शेवटचा जखमी पलीकडे जाईपर्यंत साहेब पुलावर उभे होते. बाबा सांगत होते की तोफा सुरू होताच साहेब जीप घेऊन मागे गेले, आणि जखमींना न्यायला दुसरी गाडीच नव्हती. जीपच्या ड्रायव्हरनेही आधी तेच सांगितलं होतं. काल त्याने सगळं मागे घेतलं आणि तोंडावर दार लावलं. आता उरले एकटे बाबा.

"पहिलं वाक्य. साहेब त्या दिवशी पुलावर नव्हते."

"चूक."

थट्टेलाही काही सुमार असतो, तिच्या मनात आलं. समोर संपादक उभे होते, पानाची वेळ होत आली होती, आणि या म्हाताऱ्याला आत्ताच गंमत सुचत होती.

"नीट ऐका. साहेब जीप घेऊन मागे गेले."

"चूक, बाई. साहेब होते. पुलावरच होते." पाठ करून घेतल्यासारखं बोलले. मग पलीकडे खुर्ची सरकली आणि कुणी तरी दुसराच पुरुष म्हणाला, "काका, स्पीकर लावा की. आम्हालाही ऐकू दे."

म्हणजे ही थट्टा नव्हती. आपण 'बाबा' म्हणालो नाही, नशीब. मग तिला फोनच्या वरच्या भिंतीवरचा आपला फोटो आठवला.

तो त्या माणसालाही दिसला होता. "ही कोण, काका?"

"मुलगी. परदेशात असते. साधा फोन करत नाही कार्टी."

"म्हणजे एकटेच राहता?"

"एकटाच."

"मग टेबलावर हा दुसरा कप कुणाचा?"

कप तिचा होता. सकाळी निघायच्या घाईत अर्धा चहा तसाच टाकून ती पळाली होती. कप उचलून ठेव म्हणून बाबा रोज ओरडायचे, आणि ती रोज विसरायची. तिने रिसीव्हर कानावर गच्च दाबला. काही तरी बोला, बाबा. लवकर बोला.

"माझाच," बाबा म्हणाले. "एक करतो, विसरतो, मग दुसरा करतो. वय झालं आता. काल जेवलो की नाही, तेही आठवत नाही बघा."

पुलावरच्या एकूणएक जखमीचं नाव बाबांना पाठ होतं. तुम्ही विसरला असाल असं कुणी नुसतं म्हटलं, तरी भांडायला उठायचे. आपल्या डोक्यातून एकही निरोप आजवर गहाळ झाला नाही, ही त्यांची आवडती बढाई. आज ते परक्यांपुढे स्वतःच्या तोंडाने सांगत होते की आपलं डोकं गेलंय. तिला रडू फुटत होतं आणि रडायची सोय नव्हती.

खोलीत दोघं-तिघं हसले. मग तो आवाज अगदी फोनपाशी आला. चांगला गोड होता.

"ऐकलंत ना, ताई? म्हातारं माणूस, त्यांचं काय मनावर घ्यायचं. तुमचेही वडील याच वयाचे असतील."

"नाहीत," ती म्हणाली. "मला वडील नाहीत."

 पलीकडे बाबा खोकले.

"पुढचं वाचा, बाई," ते हळूच म्हणाले. "घाबरू नका. वाचा तुम्ही."

तिने राहिलेली वाक्यं एकेक करून वाचली. बाबांनी प्रत्येकाला चूक म्हटलं. मग तिने आभार मानले, आणि पलीकडून कुणी तरी फोन ठेवला.

संपादकांनी जवळ येऊन सगळं ऐकलं होतं, त्यांना काही सांगावं लागलं नाही. त्यांनी बातमीवर काट मारली. "पोलिसांना..." असं म्हणत त्यांनी फोनकडे हात नेला आणि परत घेतला. पोलीसखातं साहेबांकडेच होतं.

"पुन्हा फोन लाव," थोड्या वेळाने ते म्हणाले. "गेले का ते, विचार बाबांना."

"आणि त्या माणसांनी उचलला तर? पडताळणीवाली दुसऱ्यांदा कशाला फोन करेल?"

"मग घरी जा. इथे बसून काय करणार आहेस?"

तिने पर्समधून घराची किल्ली काढली, पाहिली, आणि परत आत टाकली.

"घरी कशी जाऊ?" ती म्हणाली. "मी परदेशात आहे."