बुरुजाखालची छिन्नी

‘मसापोग’ या जुन्या युद्धनौकेचा बुरूज उद्या सकाळी उचलणार, हे कळलं आणि असाहेल पिंकहॅमने तोंडाशी नेलेला चमचा खाली ठेवला. बायकोने विचारलं, सूप खारट झालंय का. तो नाही म्हणाला आणि ताटावरून उठला.

स्पेनशी युद्ध सुरू झालं होतं आणि ऑल्डन्स कोव्हच्या लोकांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. स्पॅनिश जहाजं एवढ्या लांब मॅसॅच्युसेट्सपर्यंत कशाला येतील, हे कुणी विचारत नव्हतं. गावाने वॉशिंग्टनला तारांवर तारा केल्या. शेवटी सरकारने मागच्या, उत्तर-दक्षिणेच्या यादवी युद्धातली मसापोग अडगळीतून काढून पाठवली. पाण्याला टेकलेला सपाट लोखंडी तराफा, त्यावर एकच गोल बुरूज, बुरुजात दोन तोफा. तोफा वळवायच्या तर अख्खा बुरूज फिरवायचा. आणि तो तर पस्तीस वर्षं अडकून बसला होता. गोदीने कागदावर त्याची दुरुस्ती तीनदा केली होती, हात एकदाही लावला नव्हता.

तो का अडकला, हे असाहेलला माहीत होतं. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. दक्षिणेतल्या एका किल्ल्यासमोर मसापोग उभी होती. गोळा बाहेरून आदळला की आतल्या बोल्टांची डोकी तुटून उडत. तसल्याच एका डोक्याने शेजारचा माणूस गेला, आणि त्याचं रक्त असाहेलच्या बाहीवर आलं. बुरूज फिरवताना तो बोटभर वर उचलत, खाली फट पडे. धुरात कुणाला काही दिसत नव्हतं. असाहेलने कमरेची छिन्नी काढली आणि त्या फटीत सरकवली. पुढच्या मिनिटाला कुणीतरी ओरडलं, बुरूज अडकला. मसापोग माघारी फिरली. मग किल्ल्याच्या सगळ्या तोफा मागच्या जहाजावर वळल्या आणि ते अकरा माणसांसह बुडालं. त्या अकरांत लेव्ही क्रोवेल होता. मसापोगच्या तोफप्रमुखाचा, टोबायसचा, धाकटा भाऊ.

चौकशीत टोबायसने शपथेवर सांगितलं, शत्रूच्या गोळ्याचा तुकडा अडकला. भला माणूस, असाहेलला वाटलं, याला काहीच कळलेलं नाही.

दोघे एकाच गावचे. टोबायसने लग्न केलं नाही. दर हिवाळ्याआधी असाहेल त्याच्या छपराला खिळे मारी, दर शनिवारी मासळीची टोपली पोचवी. टोबायस टोपली घेई आणि दार लावून घेई. गाव म्हणे, क्रोवेल खडूस आहे. असाहेलला तो खडूसपणाच बरा वाटे. टोबायसने गोड बोललेलं त्याला सोसलं नसतं.

आता ती छिन्नी निघणार होती, आणि ती कुणाची हे लपणार नव्हतं. मसापोगवर हत्यारांच्या चोऱ्या फार होत, म्हणून जो तो आपल्या लोखंडावर खूण कोरी. असाहेलच्या छिन्नीवर तीन खाचा होत्या. कुणाची खूण कोणती, हे टोबायसला पाठ होतं.

सकाळी मसापोगवरच्या नव्या लेफ्टनंटने दोघा जुन्या खलाशांना मानाने बोलावलं. तो गेल्या महिन्यापर्यंत बॉस्टनला वकिलाकडे कारकून होता. धक्क्यावर बँड वाजत होता. असाहेल होडी वल्हवत होता, टोबायस समोर बसला होता. अर्ध्या वाटेत असाहेलने वल्ही थांबवली.

“टोबायस, तिथे गोळ्याचा तुकडा नाहीये. माझी छिन्नी आहे. मीच टाकली. घाबरलो होतो. लेव्ही माझ्यामुळे गेला.”

टोबायसने मान वर केली.

“म्हणून टोपली?”

“म्हणून.”

“आणि छप्पर?”

“तेही.”

टोबायसचा चेहरा पांढरा पडला. शिव्या येतील म्हणून असाहेल वाट पाहत राहिला.

“वल्हव,” टोबायस म्हणाला.

जॅक लावून बुरूज उचलायला दुपार झाली. लेफ्टनंटने खालून दोन लोखंडं काढून आणली आणि फडक्यावर ठेवली. एक छिन्नी होती. गंजलेली, पण अख्खी. तीन खाचा स्पष्ट दिसत होत्या. ती कडेच्या पन्हळीत सुटी पडली होती. मेकॅनिक म्हणाला, हिच्यावर भार पडलेलाच नाही. ही पडली तेव्हा बुरूज आधीच थांबलेला असणार, नाहीतर हिचा चुरा झाला असता.

दुसरी तोफेखाली लावायची पाचर होती. बुरूज ज्यावर टेके त्या पितळी कड्यात रुतून ती पार चपटी झाली होती. तिच्यावर फुली होती.

असाहेलला आधी फक्त हलकं वाटलं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच छातीभर श्वास आला. मग त्याने टोबायसकडे पाहिलं, आणि त्या हलकेपणाची त्याला लाज वाटली.

लेफ्टनंटने हसत विचारलं, “ही फुली कुणाची, मिस्टर क्रोवेल?”

“माझी.”

लेफ्टनंटचं हसू विरलं. टोबायसने पाचर उचलली, दोन्ही हातांत धरली आणि असाहेलकडे वळला.

“दर शनिवारी तू टोपली घेऊन यायचास,” तो म्हणाला. “मला वाटायचं, ही पाचर सारताना याने मला बघितलंय. आज बोलेल. आज नाही बोलला, तर पुढच्या शनिवारी बोलेल.”