झाखरटोर्टचा निकाल

“डोळे मिट, आणि आता नीट सांग,” राजन म्हणाला. “पहिला की दुसरा?”

लीलाने कपाळाला आठ्या घातल्या. या महिन्यातले सगळे रविवार झाखरटोर्ट नावाच्या त्या केकने खाल्ले होते. वरच्या मजल्यावरचा ग्युंटर मूळचा ऑस्ट्रियाचा. हा चॉकलेट केक खावा तर व्हिएन्नातल्या जुन्या मिठाईवाल्याचाच, असं तो म्हणाला. तिथल्याच एका हॉटेलचा, असं राजन म्हणाला. झालं! दोन्हीकडून पोस्टाने लाकडी पेट्या येऊ लागल्या. हॉटेलच्या केकमध्ये जर्दाळूचा जॅम मधोमधही असतो, मिठाईवाल्याच्या केकमध्ये फक्त वरच्या चॉकलेटखाली. भांडण एवढंच. राजनने इथे जर्मनीत, नेकारसुल्मच्या कारखान्यात जन्मभर गाड्यांचे ब्रेक तपासले. निवृत्तीनंतर तपासायला केक उरला होता, आणि बायको.

“अहो, पुरे आता! जॅम वर असला काय आणि मध्ये असला काय, पोटात जाऊन एकच होणार ना?”

“पोटाचं नंतर बघू. जीभ काय म्हणते?”

जीभ काहीच म्हणत नव्हती. उन्हाळ्यात लीलाला ताप आला होता. ताप गेला, पण चव परत आली नाही. तोंडात काहीतरी मऊ आहे, ओलं आहे, एवढंच कळायचं. तिने हे कोणालाच सांगितलं नव्हतं, लेकीलासुद्धा नाही. तिच्या थोरल्या बहिणीचं, माईचं, असंच सुरू झालं होतं. आधी चव गेली, मग माणसांची नावं. आपण बोललोच नाही तर ते होणारही नाही, असं लीलाने मनाशी धरलं होतं. दर रविवारी ती काहीतरी ठोकून द्यायची, राजन नुसतं “हं” म्हणायचा.

आज मात्र तिचा तोल गेला.

“दुसरा!” ती ओरडली. “दुसऱ्यात जॅम भरपूर आहे, छान आंबटगोड. पहिला अगदीच कोरडा. झालं समाधान? सांगा जाऊन त्या ग्युंटरला!”

लीलाने डोळे उघडले. बशीत एकाच केकचे दोन तुकडे होते. दुसरी पेटी अजून उघडलेलीच नव्हती.

“फसवलंत मला!” तिचा आवाज चिरकला. “या वयात बायकोची परीक्षा घेता?”

“वाटलं, आज तरी म्हणशील, मला चव कळत नाही म्हणून. दर रविवारी तेवढ्यासाठीच विचारत होतो गं.”

लीला खुर्चीत मागे टेकली. राग कुठे ठेवावा तिला कळेना.

“माईसारखं झालं तर?”

“तर दोघं मिळून बघू. तापानेही जाते चव. उद्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, मी बरोबर येतोय.”

तिने पदर नव्हता म्हणून बाहीलाच डोळे पुसले. मग पुन्हा उसळली, “म्हणजे एवढे दिवस मी इथे नाटक करत होते आणि तुम्ही मजा बघत होता? कधी कळलं तुम्हाला?”

“ऑगस्टमध्येच,” राजन म्हणाला. “तेव्हापासून तू पोळ्या लाटायला वळलीस, की आमटीत मीठ मीच घालतो.”